पेठेतल्या जुन्या दुकानाचे वय आणि इतिहास कसा शोधावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या जुन्या पेठेत आपले दुमजली दुकान आहे. दर्शनी भिंतीवर सिमेंटमध्ये ‘१९३८’ हा आकडा उठावात काढलेला आहे, घरात मात्र ही इमारत दीडशे वर्षांची असल्याचे आजोबांपासून सांगितले जाते, आणि दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी यांतले खरे काय हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. जुन्या इमारतींची नोंद करणे आणि त्या दुरुस्त करणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि बाजारपेठेतल्या इमारतींच्या बाबतीत बहुधा तसेच असते, हे आधीच सांगून ठेवतो. राहत्या वाड्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावत नाही, पण दुकानाचा धंदा बदलतो, भाडेकरू बदलतो, रस्ता रुंद होतो, आणि प्रत्येक वेळी इमारतीचा एखादा भाग नवा होतो. म्हणून ‘इमारत किती जुनी’ असे न विचारता ‘कोणता भाग केव्हाचा’ असे विचारून कामाला लागावे.

दर्शनी भाग हा पेठेतल्या इमारतीचा सहसा सर्वांत तरुण भाग असतो. नगरपालिकेने रस्त्याची हद्द आखली की ओटा आणि पडवी जाते, आणि मालक उरलेल्या जागेवर नवी भिंत उभी करतो. १९३० च्या दशकात सिमेंट लहान गावांतही सहज मिळू लागले होते. १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन एसीसी ही कंपनी स्थापन झाली, तो हाच काळ. वर नाव, खाली साल, मध्ये ॐ किंवा कमळ, बाजूला वेलबुट्टी अशा सिमेंटच्या दर्शनी भिंती याच सुमारास गावोगावी उभ्या राहिल्या. तेव्हा १९३८ हा आकडा खोटा मानण्याचे कारण नाही, मात्र तो सांगतो ते दर्शनी भिंतीबद्दल. मागच्या सांगाड्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

याची खात्री करण्यासाठी दुकानात शिरून पहिल्या खणाखाली, म्हणजे खांबांच्या पहिल्या दोन रांगांमधल्या जागेत, उभे राहा आणि वर पाहा. पेठेतली जुनी दुकाने लाकडी चौकटीवर उभी असतात: दगडी तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे आडव्या कड्या आणि त्यांवर फळ्या. पहिल्या खणातल्या कड्या गोल किंवा करवतीने नीट कापलेल्या आणि दुसऱ्या खणातल्या तासणीने घडवलेल्या असतील, तर पहिला खण नंतरचा आहे. याहून पक्की खूण फळ्यांची असते. लोखंडी शटर येण्यापूर्वी दुकाने उभ्या फळ्या एकापुढे एक सरकवून बंद होत. त्यासाठी वरच्या तुळईत आणि खालच्या उंबऱ्यात एक सलग खाच असे, आणि फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकीवर आकडा कोरलेला असे. अशी खाच आज आपल्याला रस्त्यापासून दोन-तीन हात आत, एखाद्या तुळईच्या खालच्या अंगाला रंगाने बुजलेली सापडली, तर दुकानाचे जुने तोंड तिथे होते आणि त्यापुढचा सगळा भाग मागाहून वाढवलेला आहे, हे सिद्ध होते; तुळई मूळ जागेवरचीच आहे एवढी खात्री मात्र करावी. बोटाने चाचपून पाहा; रंगाच्या थराखाली खाच डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला लागते. जुन्या फळ्या बहुतेक ठिकाणी माळ्यावर, मांडणीच्या तळाशी किंवा मागच्या न्हाणीच्या दारासाठी वापरलेल्या आढळतात, म्हणून त्या फेकण्यापूर्वी त्यांच्या दोन्ही बाजू पाहून घ्याव्यात.

त्यानंतर बाजूच्या बोळात जा. दर्शनी भिंत जिथे बाजूच्या भिंतीला मिळते तिथे विटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत की वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा आहे, हे पाहावे. उभा सांधा असेल तर दोन्ही भिंती एका वेळच्या नाहीत. बाजूच्या भिंतीत जोत्यापर्यंत घडीव दगड आणि वर मातीत बांधलेल्या पातळ, चपट्या विटा असतील, तर ती भिंत इंग्रजी मापाच्या जाड विटा रूढ होण्याआधीची किंवा त्या जुन्या पद्धतीत काम करणाऱ्या गवंड्याची असण्याची शक्यता मोठी. इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. पेशवाईत लोकप्रिय झालेले सुरूच्या आकाराचे खांब दिसले की लोक इमारतच पेशवेकालीन ठरवतात. परंतु तो घाट सुतारांनी पुढे कित्येक दशके चालू ठेवला, शिवाय पडलेल्या वाड्यांचे खांब विकत घेऊन दुकानांत बसवण्याची रीत सर्वत्र होती. घाटावरून काळ ठरवू नये. खांब तिथलाच आहे की आणून बसवला आहे, हे त्याच्या तळखड्याशी आणि वरच्या जोडाशी ताडून पाहावे. निरुपयोगी झालेली, बुजवलेली भोके आणि खाचा खांबावर असतील, तर तो दुसरीकडून आला आहे.

बांधकामाचे साहित्य ‘यापूर्वीचे नाही’ एवढे मात्र फार चांगले सांगते. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला, त्यामुळे मंगळुरी कौलांचे छप्पर त्याआधीचे असूच शकत नाही. कराडपुरते पाहिले तर चिपळूणच्या खाडीत उतरलेला माल कुंभार्ली घाटाने बैलगाड्यांवर वर येत असे, आणि १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग पुण्याहून या भागात आल्यावर जड माल आणणे आणखी सोपे झाले. कौलाच्या खालच्या अंगावर कारखान्याचे नाव आणि गावाचे नाव ठशात उमटलेले असते. त्याआधीची छपरे स्थानिक कुंभाराच्या नळीच्या कौलांची किंवा मातीच्या सपाट धाब्याची असत, आणि धाब्याचा पुरावा छपरावर राहिला नसला तरी भिंतीच्या माथ्याला बुजवलेल्या पन्हळीच्या भोकांतून तो सापडतो. लोखंडी तुळई असेल तर तिच्या पोटावर उठावाच्या अक्षरांत कारखान्याचे नाव शोधा. डॉर्मन लाँग हे नाव इंग्लंडमधून आलेल्या मालावर असते. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद १९१२ पासून निघू लागले, म्हणून टाटांचा ठसा असलेली तुळई त्यानंतरचीच. खिळ्यांकडेही दुर्लक्ष करू नका. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि निमुळता असतो, यंत्रावरचा तारेचा खिळा गोल असतो आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र पसरला. जो कडीपाट पुन्हा उकलून बसवलेला नाही, त्याला फक्त चौकोनी खिळे असतील तर ते मोठे बोलके साक्षीदार आहेत.

आता कागद. कागदांचा शोध उलटा, म्हणजे आजपासून मागे, घ्यावा. मधली कडी सोडून एकदम शंभर वर्षे मागे उडी मारली की वाट चुकते. सुरुवात नगर भूमापन कार्यालयातल्या मालमत्ता पत्रकापासून करा. त्यावरचा सिटी सर्व्हे नंबर हाच पुढच्या सगळ्या शोधाचा धागा असतो. परंतु पत्रकावरची पहिली नोंद इमारतीचे साल दाखवते असा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे: ती त्या गावच्या भूमापनाच्या वेळी झालेल्या चौकशीची नोंद असते आणि त्या दिवशी जागा कोणाच्या कब्जात होती एवढेच सांगते. पत्रकापेक्षा त्या वेळची चौकशी नोंदवही आणि सनदेसोबतचा (जागेच्या सरकारी हक्कपत्रासोबतचा) नकाशा अधिक मोलाचा, कारण नकाशात इमारतीची बाह्यरेषा, ओटा, बोळ आणि मागचे अंगण काढलेले असते. आजच्या मोजणीवर तो ठेवून पाहिला की रस्त्याकडचा किती भाग कापला गेला आणि मागे किती वाढ झाली हे समजते.

नगरपालिकेच्या कर आकारणीच्या जुन्या नोंदवह्या हा दुसरा स्रोत, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा. आकारणी ठरावीक वर्षांनी नव्याने होते, त्यामुळे या वह्या ओळीने लावल्या की इमारतीची जणू हजेरीच लागत जाते: मालक कोण, वापरणारा कोण, बांधकाम धाब्याचे की कौलारू, माडी आहे की नाही, भाडे किती धरले. एका आकारणीत ‘कौलारू, तळमजला’ आणि पुढच्या आकारणीत ‘कौलारू, माडी’ असे लिहिलेले सापडले तर माडी चढवल्याचा काळ चार-पाच वर्षांच्या आत बांधला जातो; इतकी नेमकी माहिती दुसरा सरकारी कागद क्वचितच देतो. अडचण घरक्रमांकांची असते, कारण ते वेळोवेळी बदलले आहेत. शेजारच्या चार-सहा घरांची नावेही सोबत उतरवून घ्या, म्हणजे क्रमांक बदलला तरी रांग ओळखू येते. वह्या पाहू देण्यास टाळाटाळ झाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अभिलेखाच्या निरीक्षणासाठी रीतसर अर्ज करता येतो.

तिसरा आणि सर्वांत खोल स्रोत म्हणजे दुय्यम निबंधकाकडील नोंदलेले दस्त. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करणे आवश्यक केले, म्हणून पेठेतल्या दुकानांचे बहुतेक व्यवहार कुठे ना कुठे नोंदलेले असतात. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ नुसार पुस्तक क्रमांक १ (स्थावराच्या दस्तांची नोंदवही) आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. आपण मालक असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. वकील बँकेसाठी साधारण तीस वर्षांचा शोध घेतात, संगणकावरचा शोधही अलीकडच्या दशकांपुरताच असतो, त्यामागचे काम हाताने सूची उलटूनच करावे लागते.

दस्तात दोन गोष्टी बारकाईने वाचा. एक म्हणजे चतुःसीमा. ‘पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस अमक्याचे दुकान, पश्चिमेस बोळ, उत्तरेस तमक्याची पडीक जागा’ एवढ्या चार ओळींत त्या दिवशीची पेठ उभी राहते. उत्तरेची जागा एका दस्तात पडीक आणि वीस वर्षांनंतरच्या दस्तात दुकान असेल, तर शेजारची इमारत त्या दोहोंच्या मध्ये झाली. आणि हाच न्याय शेजाऱ्याच्या दस्तातील आपल्या बाजूच्या सीमेला लावला की आपल्या इमारतीचा काळ मिळतो. आपला स्वतःचा दस्त हरवला असला तरी शेजाऱ्यांच्या चतुःसीमांवरून मालकीची साखळी बरीच जुळवता येते. दुसरी गोष्ट गहाणखतांची. खरेदीखत लिहिणारा जागेच्या हद्दीची काळजी घेतो, इमारतीचे वर्णन ‘दुकान इमारतीसह’ म्हणून उरकतो. पण पैसे उसने देणाऱ्या सावकाराला तारणाची किंमत जोखायची असते, म्हणून गहाणखतात आणि मुदत खरेदीच्या (ठरल्या मुदतीत पैसे फेडल्यास मालमत्ता परत मिळण्याच्या अटीच्या) दस्तात ‘तीन खणी, माडीसह, कौलारू, मागे बळद (धान्याचे कोठार) व आड’ असे नेमके वर्णन येते. इमारतीचा इतिहास शोधणाऱ्याने गहाणखते आधी वाचावीत असे मी आग्रहाने सांगतो. वाटणीपत्रेही अशीच उपयोगी, कारण भावाभावांत खण वाटताना एकही खांब वर्णनातून सुटत नाही.

जुने कागद मोडीत असतील तर ते उत्साहाच्या भरात कोणाकडून तरी ‘साधारण अर्थ’ सांगून घेऊ नका. पूर्ण लिप्यंतर करून घ्या आणि तारीख स्वतः पडताळा. शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत, इंग्रजी वर्षाचे पहिले काही महिने येत असतील तर ७९. शुहूर सन आणि दख्खनी फसली या जुन्या मराठी कागदांतल्या आणखी दोन कालगणना: शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावेत, फसलीला ५९० किंवा ५९१. गुजराती-मारवाडी पेढीच्या वह्यांत विक्रम संवत असतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे. संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव दिले असेल तर ते फार मोठी मदत करते: शके १८११ च्या जोडीला विरोधी संवत्सरच यायला हवे, ते १८८९-९० साल, नाव जुळत नसेल तर आकडा वाचण्यात चूक आहे असे समजावे. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झाले, त्याआधीच्या व्यवहारांसाठी इंग्रजी अमलातल्या नोंदवह्या शोधून उपयोग नाही. त्या काळातले घरातले कागद आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातली दप्तरे हीच वाट उरते, आणि दुकानाच्या एका गाळ्यापर्यंत पोहोचणारी नोंद तिथे मिळणे विरळा असते. दीडशे वर्षांचा दावा तपासायला इतक्या मागे जाण्याची गरजही नाही.

दुकानातल्या किरकोळ छापील कागदांना कोणी किंमत देत नाही, पण काळ बांधायला ते फार कामाचे असतात. बिलबुकावर ‘जिल्हा उत्तर सातारा’ छापलेले असेल तर ते १९४९ ते १९६० मधले, कारण संस्थाने विलीन झाल्यावर जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले होते आणि दक्षिण साताऱ्याचे नाव १९६० मध्ये सांगली झाले. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. किंमत आणे-पैत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. कीर्द-खतावण्या रद्दीत घालण्याआधी दुरुस्तीच्या खर्चाची पाने शोधा: लाकूड, चुना, गवंडी, सुतार यांच्या नावे पडलेली रक्कम ही बांधकामाची सर्वांत थेट साक्ष असते. १९३८ च्या आगेमागे अशी पाने मिळाली तर आपला अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

या प्रदेशातल्या दोन घटनांकडे मुद्दाम लक्ष द्या. १९४८ च्या जानेवारीअखेरीस गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात जी जाळपोळ झाली तिच्यात अनेक घरे आणि दुकाने जळाली आणि पुढच्या काही वर्षांत पुन्हा बांधली गेली. एखाद्या इमारतीत खालचे दगडी काम जुने, वरचे सगळे एकाच वेळचे, आणि भिंतीत रुतलेल्या तुळयांची टोके काळी पडलेली आढळली, तर आगीचा विचार करावा लागतो. अशा बाबतीत शेजारपाजारच्या वृद्धांशी बोलताना फार जपून बोलावे. ज्यांचे नुकसान झाले ते आणि बाकीचे, दोघांच्याही मनात ते अजून ताजे आहे, आणि माहिती मिळवण्यासाठी कोणाला दुखावण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरी घटना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. मातीच्या भिंती उतरवून सिमेंटमध्ये विटा चढवणे, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारणे, माडीची उंची कमी करणे अशी कामे या भागात दिसली की ती भूकंपानंतरची आहेत का, हे विचारायलाच हवे.

वडीलधाऱ्यांना विचारताना ‘कोणत्या साली’ असे विचारू नये. साल कोणाच्या लक्षात राहत नाही, क्रम मात्र पक्का राहतो. भूकंप झाला तेव्हा शटर होते की फळ्या होत्या, ७२ च्या दुष्काळात इथे धान्याचे दुकान होते की कापडाचे, वीज आली तेव्हा माडीवर कोण राहत होते, असे प्रश्न विचारले की उत्तरे आपोआप नेमकी येतात. आपल्याच घरातल्यांपेक्षा जुना हमाल, शेजारचा शिंपी, मुनीम म्हणून राबलेला माणूस अधिक सांगतो, कारण त्याने इमारत रोज वापरली आहे आणि तिच्या मोठेपणाशी त्याला कर्तव्य नाही.

भाडेकरूंचा इतिहास हा इमारतीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हेही नोंदवतो. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू झाला तिथे १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे प्रमाण धरले गेले, आणि मालकाच्या हाती दुरुस्तीपुरतेही पैसे येईनासे झाले. पेठांमधल्या कित्येक माड्या नंतरची पन्नास वर्षे जशाच्या तशा राहिल्या त्याचे मोठे कारण हे आहे. आज जे जुने लाकूडकाम आपल्याला मौल्यवान वाटते, त्यातले बरेचसे कोणाच्या जपणुकीमुळे नव्हे तर या गोठलेल्या भाड्यामुळे टिकले. भाडेपावत्यांची स्थळप्रत आणि १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालचे नोंदणीपत्र मिळाले तर गाळ्यात कोणता धंदा केव्हा होता याची यादी पूर्ण होते.

सगळे हाती आल्यावर लिहिताना प्रत्येक भागापुढे तीन गोष्टी लिहा: यापूर्वीचा नाही, यानंतरचा नाही, आणि हे कशावरून. मागच्या दोन खणांना चौकोनी खिळे आणि १८९० च्या आसपासच्या गहाणखतात ‘तीन खणी माडी’ असे वर्णन मिळाले, तर घरातली आठवण जवळपास बरोबर ठरेल आणि दर्शनी १९३८ ला कोणताच बाध येणार नाही. तसे काही मिळाले नाही तर ‘दीडशे वर्षे’ ही घरातली आठवण आहे असे स्पष्ट लिहून ठेवावे. पाटीवर मात्र ते कोरू नये.

दुरुस्तीचा क्रमही याला धरूनच ठेवा. छप्पर पावसाळ्याआधी उतरवणार असाल तर कौले खाली आल्याबरोबर प्रत्येक वेगळ्या ठशाचे एक-एक कौल बाजूला काढून त्यावर ते छपराच्या कोणत्या पाखाचे (उताराचे) हे खडूने लिहा, उघड्या पडलेल्या वाशांची आणि भिंतीच्या माथ्याची छायाचित्रे मोजपट्टी ठेवून घ्या, आणि गिलावा खरवडण्याआधी सांध्याजवळ हातभर पट्टा गवंड्याकडून सावकाश उकलून घ्या. फळ्यांची खाच असलेली तुळई सापडली तर ती वाळवीने पोखरली असली तरी कापू नका. तिला खालून आधार देऊन जागेवर ठेवणारा सुतार या भागात अजून मिळतो, आणि त्याचा खर्च नव्या लोखंडी तुळईपेक्षा फारसा जास्त येत नाही.